टेकूचा फोटो

सोमवारी सकाळी नऊ वाजता विषय यायचा. सूरज त्या वेळी कोपरीहून बाळकुमला जायच्या बसमध्ये लटकलेला असायचा. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात फोन. फोटोंचा ग्रुप चालवणाऱ्या अक्षदाचा मेसेज टुणकन पडायचा. कधी 'पाणी', कधी 'पिवळा', कधी 'वाट बघणं'. मग रविवारपर्यंत त्या विषयावर एक फोटो काढून ग्रुपच्या पेजवर टाकायचा. फोटो त्याच आठवड्यात काढलेला पाहिजे, जुना चालणार नाही. एक आठवडा चुकला की बाहेर. असं वर्षभर.

जानेवारीत सगळे उड्या मारत होते. ठाकुर्लीच्या चहाच्या टपरीवर ही गँग जमलेली, अक्षदाने नियम वाचून दाखवलेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या. आता दिवाळी तोंडावर आली होती आणि गँगमधले बोटावर मोजण्याइतके उरले होते. कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न, कोणी नुसताच कंटाळून गप्प झालेला. सूरज टिकून होता. आवड वगैरे राहिली होती अशातला भाग नाही. आवड जूनमध्येच संपलेली. आता तो फोटो काढायचा ते दात घासल्यासारखं.

पण सोडायचं नव्हतं. कारण सूरजने आयुष्यात काही पूर्ण केलंच नव्हतं. बीकॉम दुसऱ्या वर्षाला सोडलं. टॅली अर्धं केलं. जिमला तीन महिने गेला, तबला शिकायला तीन रविवार. घरात कोणी काही बोलायचं नाही, ते जास्त वाईट होतं. फक्त एकदा पाहुण्यांसमोर पप्पा बोललेले, "आमचा सूरज काय, सुरुवात एक नंबर करतो." पाहुणे हसले. सूरजही हसला. ते हसू त्याला अजून टोचायचं. म्हणून हे बावन्न आठवडे. बक्षीस नाही, काही नाही. शेवटी अक्षदा पूर्ण करणाऱ्यांची नावं पेजवर टाकणार होती. त्या नावांत आपलं नाव पाहिजे, बस.

कॅमेरा सेकंडहँड होता, शिकवलं कोणीच नव्हतं. व्हिडिओ बघून बघून शिकलेला.

नोकरी बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात. तक्रारी लिहून घ्यायचं काम. "लिफ्ट दोन मिनिटं उशिरा आली," अशीसुद्धा तक्रार यायची. सूरज लिहून घ्यायचा. आणि संध्याकाळी घरी येऊन चंद्रप्रभाचे तीन जिने चढायचा, जिथे लिफ्टच नव्हती.

चंद्रप्रभा म्हणजे त्यांची बिल्डिंग. कोपरीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. जुनी. इतकी जुनी की जिन्याच्या कठड्याला हात लावला की पांढरी पावडर हाताला यायची. रिडेव्हलपमेंटची बोलणी सूरज शाळेत होता तेव्हापासून चाललेली. एक बिल्डर पळाला, दुसऱ्याचं कोर्टात अडकलं, आता तिसरा. आता सगळ्यांच्या सह्या झालेल्या. एक सोडून. आणि बिल्डर म्हणायचा, ती एक आणा, एक जरी माणूस कोर्टात गेला की माझं काम लटकतं.

ती एक म्हणजे रखमाकाकू.

रखमाकाकू तळमजल्यावर राहायच्या. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. मुलगी सासरी, तिकडे लांब विदर्भात. काकूंचं स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला होतं आणि त्याची खिडकी हेच त्यांचं दुकान. खिडकीतून पोळ्या, भाजी, डबे. नव्या टॉवरमध्ये त्यांना नवव्या मजल्यावर घर मिळणार होतं, झकपक, दोन बाथरूमवालं.

"नवव्या मजल्यावर पोळ्या घ्यायला कोण, कावळे येणार?" काकू म्हणायच्या.

बिल्डिंगमध्ये त्यांच्याशी आता कोणी धड बोलत नव्हतं. सूरजच्या घरी तर अजिबात नाही. पप्पा, म्हणजे पोपटराव, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून गुडघे घेऊन रिटायर झालेले. तीन जिने उतरले की परत चढायच्या विचाराने खाली कट्ट्यावरच दोन तास काढायचे. त्यांना लिफ्ट पाहिजे होती. बाकी काही नको. रखमाकाकूंचं नाव निघालं की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

सूरजचं मात्र काकूंकडे जाणं-येणं होतं. फोटोंमुळे. काकू एकट्याच अशा होत्या ज्या विचारायच्या नाहीत, "याचा उपयोग काय?" म्हणायच्या, "ये रे फोटोवाल्या, आज कसला विषय?" त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीतून सकाळचा तिरका उजेड यायचा आणि त्यात वाफ, पीठ, तेलकट भिंत, सगळं भारी दिसायचं. 'हात' त्यांच्याकडेच मिळालेला, 'वाफ' तिकडेच. सुरुवातीला काकू पदर नीट करायच्या, भांडी आवरायच्या. नंतर नंतर त्यांना कॅमेऱ्याचं काही वाटेनासं झालं. तो कोपऱ्यात उभा राहायचा, त्या लाटत राहायच्या.

चाळिसावा विषय आला, 'आधार'.

सूरजला बसमध्येच वैताग आला. असले विषय त्याला अजिबात आवडायचे नाहीत. लाल म्हटलं की लाल शोधता येतं. आधार कुठे शोधायचा? घरी आईला विचारलं. आई, सगुणा नाव, मेथी निवडत होती.

"आधार कार्डाचा काढ."

"आई, प्लीज."

"मग पप्पांच्या काठीचा काढ."

"काठीचे चार जण टाकणार. दरवेळी कोणीतरी म्हातारा आणि काठी टाकतोच."

"मला नको विचारूस मग. मेथी निवडतोस का?"

मंगळवार गेला, बुधवार गेला. सूरजने बसस्टॉपचा खांब काढला, वेलीला बांधलेली काठी काढली, ऑफिसातल्या हलत्या टेबलाखाली घातलेला पुठ्ठा काढला. सगळं रद्दी. गुरुवारी सकाळी तो पोळ्या आणायला रखमाकाकूंकडे गेला, कॅमेरा नुसता सवयीने गळ्यात.

स्वयंपाकघराच्या मधोमध नेहमी एक जुनं पातळ पडद्यासारखं टांगलेलं असायचं. सूरजला वाटायचं मागे सामान असेल. त्या दिवशी पातळ धुवून बाहेर वाळत घातलेलं होतं. आणि त्या जागी एक लोखंडी टेकू उभा होता. स्लॅब भरताना लावतात तसला, खाली पाट, वर फळी, मधे पेच. वरच्या बीमला घट्ट लावलेला. बीमचं प्लास्टर पडलेलं आणि आतल्या गंजलेल्या सळ्या दिसत होत्या.

पण सूरजला ते आधी दिसलंच नाही. त्याला दिसलं ते वेगळंच. काकूंनी त्या टेकूवर संसार मांडला होता. पेचाला झारा अडकवलेला, उलथणं, सांडशी. सुतळीने कॅलेंडर बांधलेलं. मधल्या भोकात चष्म्याची दांडी खोचलेली. आणि कमरेच्या उंचीवर लोखंड गुळगुळीत, काळं कुळकुळीत झालेलं. उठताना-बसताना काकू तिथे हात टेकायच्या.

"काकू, याचा काढू?"

काकू पोळी उलटत होत्या. "काढ की. पण माझं तोंड नको हां त्यात, आज वेणी पण नाही घातली."

"तुमचं नाही, याचंच."

"मग काढ."

त्याने काढला. उजेड बरोबर तिरका होता, पीठ हवेत होतं. काढताक्षणी कळलं, हाच. जूननंतर पहिल्यांदा मजा आली.

"हा कधी लावला?" त्याने निघताना विचारलं.

"मागच्या साली. डबा न्यायला तो सुदेश येतो ना, गवंडी, त्याने लावून दिला. वरून ढेपळं पडली रे एकदम, कणकीच्या परातीत." काकूंनी पोळ्या कागदात गुंडाळल्या. "बोलू नको कोणाला. त्या सेक्रेटरी श्रीपादला आयतं कोलीत मिळायचं."

"नाही बोलत," सूरज म्हणाला. आणि खरंच तो कोणाला काही बोलला नाही. दुपारी ऑफिसातून त्याने फोटो पेजवर टाकला. खाली लिहिलं, "आधार. कोपरी." फोटो टाकणं म्हणजे बोलणं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. काकूंच्याही आलं नव्हतं. त्यांना काळजी होती ती वेणीची.

फोटो चालला. चालला म्हणजे धावला. डोंबिवली, कल्याण, कुठून कुठून लोकांनी शेअर केला. अक्षदाने लिहिलं, "वर्षातला बेस्ट, यार." सूरजने आईला दाखवला. आईने पप्पांना दाखवला. पप्पांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. फोन परत दिला आणि जेवायला बसले.

शुक्रवारी सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर, जिथे फक्त पाण्याची वेळ आणि कोणी कचरा कुठे टाकला एवढंच यायचं, तिथे तो फोटो आला. पोपटरावांकडून. खाली लिहिलेलं, "माझा मुलगा चि. सूरज याने काढलेला फोटो. खूप लोकांना आवडला आहे."

सूरज बसमध्ये होता. त्याला आधी इतकं बरं वाटलं की त्याने ते तीनदा वाचलं. चि. सूरज! मग खाली सेक्रेटरी श्रीपादकाकांचा मेसेज आला.

"छान. हा टेकू आपल्या इमारतीतील आहे का?"

बस कापूरबावडीला पोचेपर्यंत सूरज तोच मेसेज वाचत होता.

रविवारी सकाळी गच्चीवर मीटिंग. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंज्या. श्रीपादकाका बँकेतून रिटायर झालेले, स्वच्छ बोलणारे, इस्त्रीवाले. वाईट माणूस नव्हता तो. पण मीटिंगा घेऊन घेऊन आवाजातला ओलावा गेलेला. रखमाकाकू दाराजवळ खुर्चीवर बसलेल्या, चार जिने चढून आल्याने धापा टाकत. पोपटरावांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. सूरज टाकीला टेकून उभा.

"रखमाबाई, सरळ विचारतो," श्रीपादकाकांनी फोन वर धरला. "हे तुमचं स्वयंपाकघर आहे ना?"

"हाय. म्हणजे होतं असं."

"होतं म्हणजे?"

"हा जुना फोटो. मागच्या साली टेकू लावलेला. मग प्लास्टर केलं आन काढला. आता काय नाय."

"काढला?"

"काढला म्हणते ना."

दुसऱ्या मजल्यावरची रुचिता पुढे सरकली, कडेवर पोर. तिचं स्वयंपाकघर बरोबर काकूंच्या डोक्यावर, मधे एक मजला सोडून. "काकू, खरं सांगा हां. माझं पोर झोपतं तिथे."

"अगं, काढला."

श्रीपादकाकांनी चष्मा पुसला. "त्याचं असं आहे रखमाबाई, मी त्यांचं ते पेज नीट वाचलं. त्यांचा नियम आहे, फोटो त्याच आठवड्यात काढलेला असावा. तेव्हा तारखेचा प्रश्न येत नाही." ते वळले. "सूरज, तूच सांग बाबा. कधी काढलास?"

सगळ्या माना फिरल्या. पप्पांची पण. रखमाकाकूंनी मात्र त्याच्याकडे बघितलं नाही. त्या आपल्या नखातलं पीठ कोरत बसल्या.

काही नाही, 'गुरुवारी' एवढा एकच शब्द बोलायचा होता. खरं होतं ते. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि त्याला काकूंच्या वाकलेल्या मानेचा मणका दिसला. वेणी घातलेली आज, तेल लावून.

"जुना आहे," सूरज म्हणाला. "मागच्या वर्षीचा. या आठवड्यात काय सुचलं नाही म्हणून जुना टाकला."

"म्हणजे तू त्यांना फसवलंस."

"हो."

श्रीपादकाका त्याच्याकडे बघत राहिले. बँकेत किती जणांनी किती खोट्या सह्या त्यांच्यासमोर केल्या असतील. "मग त्या लोकांना ते कळायला हवं. मी तिथे खाली तसं लिहितो. तुझी हरकत नाही ना?"

आता पप्पा ताडकन बोलले, "अहो, त्याचं काय मधे? पोराचं वर्ष आहे ते."

"पोपटराव, मी त्यालाच विचारतोय."

सूरजला गच्चीवरून खाडीच्या बाजूचे नवे टॉवर दिसत होते. त्याला एकदम झोप आल्यासारखं झालं.

"लिहा," तो म्हणाला.

श्रीपादकाकांनी तिथेच उभ्या उभ्या, एकेक अक्षर शोधत लिहिलं. सगळे थांबले. मग ते म्हणाले, "ठीक. उद्या संध्याकाळी मी इंजिनियरना घेऊन येतो रखमाबाई. टेकू नाही ना, मग नुसतं दाखवा. प्रश्न मिटला."

दुपारी अक्षदाचा मेसेज. "सूरज हे खरंय?"

"हो."

"चाळीस आठवडे यार. तू असं करशील वाटलं नव्हतं."

त्याने फोन उलटा करून ठेवला. थोड्या वेळाने ग्रुप फोनमधून गायब झाला. पेजवरून फोटो पण गेला. पप्पा समोर बसून पेपर वाचत होते, तोच पेपर सकाळपासून.

सोमवारी नऊ वाजले आणि काही आलं नाही. हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. ऑफिसात कोणीतरी तक्रार घेऊन आलं, स्विमिंग पूलचं पाणी कोमट आहे म्हणून. सूरजने लिहून घेतलं आणि साहेबांना सांगितलं, पोटात दुखतंय. पाचच्या आत तो कोपरीत उतरला.

काकूंची खिडकी बंद होती. ती कधी बंद नसायची. आतून ठाण ठाण आवाज येत होता.

दार ढकललं. सुदेश गवंडी स्टुलावर, हातात हातोडा. टेकूचा पेच गंजून बसलेला, तो ठोकून सोडवत होता. झारा, उलथणं, कॅलेंडर सगळं ओट्यावर काढून ठेवलेलं. प्रत्येक ठोक्याला वरून बारीक माती पडत होती, पिठासारखी.

"काय करताय?"

"बघतोयस ना," काकू म्हणाल्या. "काढतोय."

"अहो, कशाला?"

"कशाला म्हणजे? तूच बोललास ना सगळ्यांसमोर, नाहीये म्हणून. ते सहाला येणार. नाहीये तर मग नसायला नको?"

हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. त्याला वाटलेलं आपण आपलं वर्ष घालवलं, संपलं, हिशेब मिटला.

"सुदेशभाऊ, पडेल का हे?"

"मी दुपारपासून तेच सांगतोय यांना," सुदेश स्टुलावरून म्हणाला. "आत्ताच्या ठोक्याला बीम बोलला. करकर केलं. मावशी ऐकत नाहीत."

"एक तास राहील की! एक तासाने परत लाव."

"काकू, बीम काय घड्याळ बघून पडतो का?"

"मग मी काय करू रे?" काकूंचा आवाज चिरकला. "तुम्ही सगळे वर राहता. तुमचं वर आहे सगळं. माझं ही खिडकी गेली तर काय राहतं? सांग की. फोटोवाल्या, सांग."

"वरच तर राहतो आम्ही," सूरज म्हणाला. "बरोबर याच्या वर. रुचिताताईचं पोर आहे मधे. आई आहे. पप्पांना तर पळता पण येत नाही."

वरून माती पडली, एक चिमूट, त्यांच्या वेणीवर.

सूरजने फोन काढला आणि पप्पांना लावला. "पप्पा, खाली या. हळू या, पण या. आणि रुचिताताईला सांगा पोराला घेऊन बाहेर जा म्हणून. टेकू आहे. गुरुवारचाच फोटो होता. मी खोटं बोललो."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग, "माहितेय रे. गुरुवारी पोळ्या घेऊन आलास तेव्हा कॅमेरा गळ्यातच होता तुझ्या."

"सुदेशभाऊ, परत घट्ट करा."

सुदेशने काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली नाही, पण त्या बाजूला झाल्या. त्याने पेच उलटा फिरवला.

श्रीपादकाका आणि इंजिनियर आले तेव्हा दारात सूरजच उभा होता. त्याने सांगितलं. रिहर्सल केलेली नव्हती, त्यामुळे आधी शेवट सांगितला, मग सुरुवात. श्रीपादकाका ओरडतील असं वाटलेलं. ते पिठाच्या डब्यावर बसले, इस्त्रीच्या पँटीसकट, आणि कपाळ चोळत म्हणाले, "रखमाबाई, हे आधी सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला बाहेर काढलं असतं का हो?"

"काढलंच असतं," काकू म्हणाल्या.

त्यांनी पँटीवरचं पीठ झटकलं. "कदाचित," म्हणाले.

इंजिनियरने बीमवर हातोडी टकटक केली, टॉर्च मारली, तोंड वाकडं केलं. आणखी दोन टेकू आज लावा, वरच्या दोन मजल्यांचं पण बघावं लागेल, आणि हे स्वयंपाकघर आत्ता रिकामं करा. आत्ता म्हणजे आत्ता.

"उद्याचे डबे?" काकूंनी विचारलं. कोणाला विचारलं कळलं नाही. इंजिनियर टॉर्च बंद करत होता. श्रीपादकाका जमिनीकडे बघत होते. "माणसं उपाशी बसतील ना. तो हॉस्पिटलमधला वॉर्डबॉय, त्या दोन नर्सेस..."



"माझ्याकडे करा," मागून आईचा आवाज आला. ती केव्हा खाली आली होती कोणास ठाऊक. पदराला हात पुसत होती. "याच्या वर आमची पुढची खोली येते, किचन मागच्या बाजूला आहे, त्याच्याखाली हा बीम नाही ना हो इंजिनियर? मग झालं. तीन जिने आहेत पण. आणि माझ्या कढईला हात लावायचा नाही."

सहीचं त्या दिवशी कोणी काढलं नाही.

मग वाहतूक सुरू झाली. सुदेशने सिलेंडर खांद्यावर घेतला. सूरजने परात, परातीत पोळपाट, पोळपाटावर मसाल्याचा डबा. रुचिताने शेजाऱ्याकडे पोर टेकवलं आणि बरण्या उचलल्या. चौथ्या की पाचव्या फेरीला सूरजला पहिल्या मजल्याच्या वळणावर पप्पा सापडले. पायरीवर बसलेले, मांडीत काकूंची कणकेची पिशवी.

"तुम्ही कशाला उचललंत?"

"हलकी आहे. इथपर्यंत आणली. आता गुडघा नाही म्हणतोय."

सूरज शेजारी टेकला. खालून भांड्यांचा आवाज, वरून आईचा, "ते तिथे नको हो, तिथे माझं मिक्सर आहे!"

"पप्पा, तो फोटो तुम्ही मुद्दाम टाकलात का ग्रुपवर?"

पोपटरावांनी पिशवीचं तोंड सरळ केलं. "मला त्यात टेकू दिसलाच नाही रे. मला वाटलं भांडी टांगायला खांब केलाय. मला खाली तुझं नाव दिसलं, आणि ते आकडे, किती लोकांना आवडला ते." मग म्हणाले, "पण दिसला असता तरी टाकला असता बहुतेक. खोटं कशाला बोलू. हे गुडघे बघ."

सूरज हसला. हसायला पण दमला होता.

"आणि ऐक," पप्पा म्हणाले. "त्या तुझ्या पेजवर मी मघाशी लिहून टाकलं. तुझा फोटो गेलाय, म्हणून दुसऱ्याच कुठल्यातरी फोटोखाली. फोटो याच आठवड्यातला आहे, मुलगा शेजारणीसाठी खोटं बोलला म्हणून."

"काय केलंत?"

"का? खरं आहे ना?"

फोन खिशात कधीपासून वाजत होता. सूरजने काढला. अक्षदाचे मेसेज, एकाखाली एक.

"सूरज काकांनी लिहिलेलं वाचलं."

"यार सांगायचं ना मला!!"

"ओरिजिनल फाईल पाठव, तारीख बघते, फोटो परत टाकते पेजवर. सगळी स्टोरी पण लिहू खाली. लोक वेडे होतील."

"या आठवड्याचा विषय 'कोपरा'. अजून सहा दिवस आहेत. ये परत."

पप्पा मान लांब करून वाचत होते. "बघ. घेतात तुला परत. किती राहिले? थोडेच ना?"

"बारा."

"बारा म्हणजे काहीच नाही. पाठव."

पाठवावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. फाईल फोनमध्येच होती, अंगठ्याच्या अंतरावर. चाळीस सोमवार, चाळीस रविवार. लग्नात जेवण सोडून काढलेले, तापात काढलेले. नावं लागतील त्यात नाव.

तेवढ्यात रखमाकाकू खालून चढत आल्या. एका हातात झारे-उलथणी जुडीने धरलेली, दुसरा हात भिंतीवर. हाताला टेकूची सवय. त्यांना बघून बापलेक दोघं सरकले, वाट दिली. काकू एक पायरी खाली थांबल्या, श्वास घ्यायला.

"सूरज."

"हां काकू."

"तो फोटो अजून दिसतोय का लोकांना?"

"नाही. आता नाही. का?"

"नाही म्हणजे बरं." त्यांनी पोपटरावांकडे एकदा बघितलं, मग परत सूरजकडे. "माझी डब्याची माणसं आहेत रे. त्यांनी बघितलं असतं तर म्हणाली असती, पडक्या घरातलं खातोय आपण, वरून माती पडत असेल भाजीत. पडली पण असेल एखादवेळी. पण मी सगळं झाकून ठेवायची." त्या पुढची पायरी चढल्या. "काढून टाकलास ते बरं केलंस."

"पोपटभाऊ, उठता का तिथून? मला जाऊ द्या," त्या म्हणाल्या. किती महिन्यांनी त्या पप्पांशी थेट बोलल्या होत्या. पप्पा कठडा धरून उठायला लागले. सूरजने त्यांना बखोटीला धरून वर ओढलं. काकू गेल्या. वरून आईने विचारलं, "चहा टाकू का सगळ्यांना?" आणि कोणी उत्तर दिलं नाही, तरी तिने टाकला असणार.

"पाठवलास?" पप्पांनी विचारलं.

सूरज भिंतीला टेकून टाईप करत होता. "अक्षदा, फाईल नाही पाठवत. फोटो परत टाकू नको प्लीज, आणि पप्पांची कमेंट पण काढ. ज्यांचं घर आहे त्यांना नकोय. मला राहू दे बाहेर." वाचलं. 'सॉरी' घालावं की नाही यात थोडा वेळ गेला. नाही घातलं. पाठवलं.

"नाही," तो म्हणाला.

पोपटराव त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी कणकेची पिशवी त्याच्या हातात दिली आणि स्वतः दोन्ही हातांनी कठडा धरून वर चढायला लागले, एक पायरी, थांबायचं, एक पायरी.

"सूरज," खालून सुदेशने हाक मारली, "तांदळाचं पिंप राहिलंय. एकट्याने नाही उचलणार ते."

"आलो," सूरज म्हणाला. पिशवी पायरीवर ठेवली आणि खाली गेला.